धाप लागायलाच हवी

छत्तीस वर्षं शाळेतल्या पोरांबरोबर पळून पळून खेळाच्या मास्तरांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. हृदय भूल सोसेल की नाही ते आधी बघायचं, म्हणून स्वारी तपासणीच्या खोलीत आडवी झाली होती. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवून बघावं तर पाय साथ देईनात. तेव्हा हाताच्या शिरेतून ॲडेनोसिन नावाचं औषध सोडायचं ठरलं.

खोलीतल्या सिस्टर अठरा वर्षं हेच काम करत होत्या, आणि आपल्याला ते उत्तम येतं याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"सर, माणूस पळतो तेव्हा शक्ती जळते आणि शरीर हेच द्रव्य आपणहून सोडतं. ते रक्तवाहिन्यांना सांगतं, रुंद व्हा, रक्त कमी पडतंय. रोज पळणाऱ्याला त्याच्याच मदतीने नव्या बारीक वाटाही फुटतात. आज तुम्हाला पडल्यापडल्या पळवायचंय. धाप लागेल, चेहरा तापेल. घाबरू नका, लगेच उतरतं."

"मला धाप?" मास्तर हसले. "बघाच!"

एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. नाडी सत्तरची बहात्तर झाली आणि तिथेच बसली. मास्तर मजेत छताकडे बघत होते. "सिस्टर, सुरू केलंत ना?" दाराशी बसलेल्या त्यांच्या बायकोचा चेहरा खुलला.

तिसऱ्या मिनिटाला दुसरं इंजेक्शन द्यायचं असतं, हृदयात रक्त कुठवर पोचतं ते फोटोत दिसावं म्हणून. बाहेर चार पेशंट ताटकळत होते. "द्या," डॉक्टर म्हणाले.

"नाही देणार."

"अहो, प्रेशर छान, नाडी छान. अडचण काय?"

"छान आहे हीच अडचण. या औषधाने भल्याभल्यांना घाम फुटतो. वाहिन्या उघडल्याच नाहीत तर अडथळा असला तरी फोटोत सगळं एकसारखं दिसेल, आणि आपण नॉर्मल लिहून मोकळे होऊ."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. पण सिस्टरांशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या मजल्यावर नव्हता. त्यांनी औषध बंद करायला सांगितलं.

"सर, खरं सांगा. चहा?"

"चोवीस तास थेंब नाही. शप्पथ."

"कॉफी? चॉकलेट?"

"छे!"

"खरंच हो," बायको म्हणाली. "दिवसाला सहा कप पिणारा माणूस. काल दुपारपासून डोकं धरून बसले होते. मला बघवेना. मग डोकेदुखीची गोळी दिली. रात्री दोन, सकाळी दोन."

पर्समधून पाकीट निघालं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: कॅफिन.

"काकू, चहाला दारातून हाकललंत आणि खिडकीतून आत घेतलंत. ॲडेनोसिनच्या खुर्चीत हे कॅफिन आधीच ठाण मांडून बसलंय. ते बिचारं बसणार कुठे?"

"म्हणजे माझीच चूक."

"आमची. गोळ्यांचं आम्ही विचारायला हवं होतं. उद्या या. डोकं फुटलं तरी गोळी नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर वैतागलेला चेहरा घेऊन आले. औषध सुरू होऊन दीड मिनिट होतं न होतं तोच चेहरा लालबुंद झाला, मास्तरांनी एका हाताने छाती, दुसऱ्याने पलंगाची कड धरली आणि ते तोंडाने श्वास ओढायला लागले.

"आत्ता कसं!" म्हणत सिस्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं.

फोटोत हृदयाची पुढची बाजू फिकी दिसत होती. डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. "मुख्य रक्तवाहिनी चांगलीच अरुंद झालीय. इतकी वर्षं पळालात त्या पुण्याईवर निभावलंय. आता गुडघा राहू दे, आधी हृदय. काल नॉर्मल रिपोर्ट दिला असता तर सोमवारी भूल देताना..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि सिस्टरांकडे बघून मान झुकवली.

मास्तर पलंगावर उठून बसले. "सिस्टर, मघाशी छातीत जे झालं ना, ते मला नवीन नव्हतं. जिन्यावर रोज होतं. सहा महिने झाले."

बायको ताडकन उठली. "जिन्यात थांबायचात ते गुडघ्यांमुळे ना?"

"गुडघे दुखतातच गं. पण थांबायचो ते यामुळे. गुडघ्याचं सांगायला सोपं जायचं."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. "आधी बरे होऊन दाखवा. मग मी भांडते तुमच्याशी," एवढं कसंबसं म्हणाली, आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.