चॉकलेटात बुडवलेला ज्येष्ठमध

घरात तिला सगळे डॉक्टरच म्हणत, अगदी तिची आईसुद्धा. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या किडलेल्या दाढा कोरायच्या म्हटल्यावर गोडाशी तिचं हाडवैर असणार, हे ओघानंच आलं. त्यात जीभ अशी सडेतोड, की वाढदिवसाचा केक कापला तरी सगळे आधी तिच्या चेहऱ्याकडे बघत. ती नुसतं 'बरा आहे' म्हणाली, तरी करणाऱ्याला आकाश ठेंगणं व्हायचं.

आणि नेमकी हिचीच वहिनी बँकेतली नोकरी सोडून गोळ्या-चॉकलेटं करायला लागली होती.

घरामागच्या गॅरेजमध्ये वहिनीनं आपला छोटा कारखाना थाटून वर्ष होत आलं, पण डॉक्टरनं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. वहिनीनं कधी आग्रह केला नाही, आणि आपण होऊन जावं तर खोटं बोलायची पंचाईत. म्हणून एक दिवस दवाखान्यात वहिनीचा फोन आला, तेव्हा ती चक्रावलीच.

"डॉक्टर, बाझं एक काब करशील?"

"वहिनी, तुझं नाक चोंदलंय की काय?"

"तेच तर सांगतेय! कशाची चवच लागत दाही. आणि उद्या त्या बोठ्या दुकानाच्या बाई येतायत चाखायला. तुझा दादा म्हणतो छान. मुलं म्हणतात छान. सासूबाई तर तोंडात घालायच्या आधीच छान म्हणाल्या. बला खरं बोलणारं बाणूस पाहिजे."

"केलंयस काय पण?"

"ज्येष्ठमधाच्या कांड्या. वरून चॉकलेट."

डॉक्टरच्या अंगावर काटाच आला. लहानपणी खोकला झाला की आई ज्येष्ठमधाचं काळं औषध घेऊन मागे लागायची, आणि ही दात आवळून घरभर पळायची. पण वहिनी फोनवर इतक्या अजिजीनं बोलावत होती, की नाही म्हणणं जिवावर आलं. शेवटचा पेशंट गेल्यावर ती सरळ गॅरेजवर पोचली.

दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. तिचा स्वतःचा दवाखाना असतो, तितकं लख्ख होतं सगळं. मधोमध काळ्या दगडाचा मोठा ओटा. भिंतीलगतच्या ताटांत बोटभर लांबीच्या कांड्या ओळीनं मांडलेल्या, तुकतुकीत. वहिनी तोंडाला मास्क आणि हातांत मोजे घालून उभी. मास्कच्या वर फक्त दोन पाणावलेले डोळे दिसत होते.

डॉक्टरनं मन घट्ट करून एक कांडी उचलली आणि चावली. कट्‌कन आवाज झाला. आधी कडसर चॉकलेट. मग मीठ. मग दातांखाली आलं ते मऊ, चिवट, काळं काहीतरी, आणि जिभेच्या पार मागून एक गारसर गोडी हळूहळू वर यायला लागली. औषधाची आठवण येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आलीच नाही.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

वहिनीनं मान डोलावली.

"आणि चॉकलेटचा थर जाड आहे. आतलं इतकं सुंदर आहे, पण तिथवर पोचेपर्यंत तोंड दमतं."

"आतलं कसं आहे?"

"सुंदर आहे म्हटलं ना!"

"परत एकदा म्हण."

"डोक्यावर बसू नकोस. चल, दुसरी बुडवायला घे. मी थांबते."

मग डॉक्टर स्टुलावर बसून बघत राहिली. वहिनीनं वितळलेलं चॉकलेट दगडावर ओतलं. पसरलं, गोळा केलं, पुन्हा पसरलं. मध्येच, चॉकलेट नीट जमतंय का बघायला, सुरीचं टोक त्यात बुडवून बाजूला ठेवलं. टोकावरचं चॉकलेट चकाकत घट्ट झालं, तेव्हाच पुढच्या कामाला हात घातला. दोन दात्यांच्या काट्यावर एकेक कांडी बुडवायची, वर काढायची, किंचित झटकायची, कागदावर ठेवायची. ना घाई, ना एक थेंब इकडे-तिकडे. जिभेला चव नाही, नाकाला वास नाही, तरी हात मात्र चुकत नव्हते. असे हात असतील तर पेशंटला भूल द्यायलाच नको, असं डॉक्टरच्या मनात आलं. ही बाई इतकी वर्षं आपल्याच घरात वावरतेय आणि आपण तिचे हात कधी पाहिलेच नाहीत, याचं तिला नवल वाटलं.

वरून मिठाचे दोन-दोनच खडे पडले. कांड्या घट्ट झाल्यावर वहिनीनं ताट पुढे केलं आणि स्वतः समोरचं स्टूल ओढून बसली.

"आता बला सगळं सांग. बी केलंय, पण बला कळतच दाही कसं झालंय."

डॉक्टरनं कांडी तोंडात घातली आणि डोळे मिटले. कौतुकाचे शब्द तिच्याकडे मुळातच कमी, पण त्या दिवशी तिनं ते शोधून शोधून काढले. "चॉकलेट आता पातळ पापुद्र्यासारखं फुटतंय... मीठ आलं आणि गेलं... आता ज्येष्ठमध. घाई नाही त्याला. कडू होईलसं वाटतं, आणि वळून गोड होतो... वहिनी, गिळून झालं तरी गोडी घशात बसून आहे गं. उठायला तयार नाही."

वहिनी मास्कआडून हसत होती की रडत होती, सर्दीमुळे काही कळेना. डॉक्टरनं न विचारता दुसरी कांडी उचलली, आणि मग तिसरी.

दुकानाच्या बाईंना कांड्या पसंत पडल्या, आणि मालाची ऑर्डरही ठरली. त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी दवाखान्यात फोन वाजला. खुर्चीवर पेशंट आ वासून पडलेला.

"नाक मोकळं झालं गं! आत्ता खाल्ली पहिली कांडी." वहिनीचा आवाज खणखणीत होता. "अगदी तू सांगितलंस तशीच लागतेय."

"त्याहून चांगली आहे," डॉक्टर म्हणाली. "मला नीट सांगता आलं नाही. आणि हे बघ, खाऊन झाल्यावर चूळ भर."