पंडितनं पारखलेलं सोलर

धारूरच्या डोंगरकडेला पंडितसारखा बैलपारखी झाला नाही. बाजारात तो शिरला की म्हातारे बैल गपकन तोंड मिटायचे, दात दिसू नयेत म्हणून. ही गोष्ट मात्र बैलाची नव्हे, त्याच्या बायकोची. भिवराबाईची.

पावसानं पाठ फिरवलेलं साल. हापसा हाणला तर धूळ यायची, आणि धुळीमागून एखादा बेडूक तणतणत बाहेर पडून तालुक्याच्या दिशेनं चालायला लागायचा. दिवाळी तोंडावर आलेली. गाव ऊसतोडीला निघायच्या तयारीत. भिवराबाईनं मात्र मनाशी धरलं होतं, यंदा कोयता उचलायचा नाही.

"घरघंटी चालवते," ती नवऱ्याला म्हणाली. "गावातली गिरणी बंद हाय. बाया दळणासाठी पार धारूरला जातात."

"अन् लाईट? ती दिवसा कवा आसती?"

"सोलर बसवू."

पंडितनं मनात हिशोब मांडला. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. ती राहिली म्हणजे तोही राहिला. गिरणी चालली नाही तर अख्खा हंगाम हातचा जायचा. "आदी वापरून बगू," तो म्हणाला. "बैलसुदिक नांगराला जुपल्याबिगर घेत न्हाई मी."

महिला दूध सोसायटीच्या अध्यक्षीण सावित्रीबाईंना हे पटलं. सोसायटीनं घरघंटी आणि सोलरच्या प्लेटा आणवल्या, चालल्या तर ठेवा, नाहीतर परत द्या, या बोलीवर. मिस्त्रीनं प्लेटा गोठ्याच्या बुटक्या पत्र्यावर बसवल्या, घरघंटी घरात. पंडितनं चारी बाजूंनी हिंडून बघितलं, थाप मारली, खाली वाकून बघितलं. दात कुठं सापडेनात, म्हणून जरा खट्टू झाला.

सकाळी घरघंटी अशी पळाली की पिठाआधी भाकरीचा वास सुटला. बायांनी डबे आणून रांग लावली. ऊन डोक्यावर आलं आणि गिरणी घरघरत थांबली. ऊन कललं तेव्हा पुन्हा कण्हत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी तेच.

"भिवरे, तुजी गिरणी दुपारची निजती का गं?" छबुबाई अर्धवट दळण डोक्यावर घेत म्हणाली. "उठली की सांग, च्या घिऊन येते!"

बाया फिदीफिदी हसल्या. भिवराबाई हसली नाही.

"अंगचोर हाय," पंडितनं निकाल दिला. "सकाळी दाखवायपुरतं पळतंय. दिऊन टाक परत."

त्याच दुपारी मुकादम बंकट जोड्या पक्क्या करायला आला. पांढऱ्या कपड्यांवर धूळ नको म्हणून तो गिरणीशेजारच्या पाटावर बसला. "काय वैनी, येता ना? गाडी भरत आलीय."

भिवराबाईनं गिरणीकडं बघितलं. वर टोपलंभर ज्वारी तशीच पडून होती, बटण चालूच होतं, गिरणी मुकी. "यांना इचारून सांगते," म्हणत ती गोठ्याकडं गेली आणि जागीच थबकली.

पंडित शिडीवर उभा. पोळ्याची आरसे लावलेली झूल त्यानं प्लेटांवर नीट पांघरली होती. तिच्यावर भिजवलेलं गोणपाट. आणि स्वतःच्या आंघोळीचं राखून ठेवलेलं पाणी तो तांब्यानं हळूहळू त्यावर शिंपडत होता.

"आवो! ह्ये काय करताय?"

"वरडू नगं. हात लावून बग, कसा चटका बसतोय. दुपारची सावली न्हाई दिली तर मरंल की मुकं जनावर."

"रोज करताय?"

"मग? राबवून घ्यायचं अन् इसावा द्यायचा न्हाई? आसला मानूस हाय का मी?"

भिवराबाईला हसावं का रडावं कळेना. "आवो, ते ऊनच खातंय!"

"ऊन खानारं जनावर मी तरी बगितलं न्हाई."

"आता बगा!" तिनं झुलीचं टोक धरलं आणि हिसका मारला.

घरात गिरणी अशी गरजली की खुंटीवरच्या टोप्या आपल्याआपण डोक्यांच्या शोधात निघाल्या. पिठाचा लोट दारातून बाहेर आला. काळी कोंबडी आत होती, ती पांढरी होऊन निघाली, आणि तिचीच पिलं तिला ओळखीनात. मागून खोकत बंकट आला. भुवया, मिशा, पापण्या सगळं पांढरंफेक. गल्लीतल्या पोरींनी म्हातारबाबा समजून त्याला वाट दिली.

पंडित मात्र शिडीवरच. डोक्यावरचा फेटा त्यानं कधी काढून हातात घेतला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"भर उन्हाचं," तो पुटपुटला. "ना वैरन, ना पानी. आन् मी त्याला अंगचोर म्हनलो." मग त्यानं खाली बायकोकडं बघितलं, आणि बाजारात फक्त एकदोनदाच कुण्या जनावराकडं बघितलं असेल तशा नजरेनं म्हणाला, "तू कशी वळखलीस गं? दात न बगता?"

भिवराबाई लाजून पदराशी खेळायला लागली.

"मग वैनी," बंकट मिशा झटकत म्हणाला, "तुमची जोडी धरू का न्हाई?"

"न्हाई, भाऊजी," ती म्हणाली. "आमी गावातच. तुमी जायच्या आदी घरची ज्वारी पाटवा. वाटंसाठी दळून देते."