दाराची रबरी पाचर

“आधी दांडी वर उचल, मग अंगानं रेट. आणि रेटायच्या आधी सीटखालच्या रुळातून हात फिरव. पोराबाळांची गाडी आहे, काहीतरी अडकलेलं असतंच.”

सासरे होते तोवर ही व्हॅन तेच चालवायचे. कुठेही निघायचं तर मधल्या ओळीतल्या दोन्ही सीटा मागेपुढे करून बघायचे, आणि मला शिकवताना हेच सांगायचे. ते गेले आणि रुळात हात घालणारं घरात कुणी उरलं नाही.

त्या सकाळी मी घातला, कारण सासूबाईंना शब्द दिला होता. त्यांच्या धाकट्या बहिणीनं अंथरूण धरलंय. फोनवर तिला धड बोलवत नाही, पण “ताई, येतेस ना?” एवढं ती रोज विचारते. सासूबाईंचा गुडघा ऑपरेशननंतर वाकत नाही. पाय लांब सोडून बसायचं तर दारालगतची सीट पार मागे जायला हवी, आणि तीच जागची हलत नव्हती. “गॅरेजवाला म्हणतो, रूळ वाकलाय,” असं माझ्या नवऱ्यानं सांगितलं होतं. तेव्हा सासूबाई हसल्या होत्या. “माझा गुडघा वाकत नाही आणि रूळ वाकतो. दोघांची अदलाबदल करून देतो का विचार त्याला.”

पण आदल्या दिवशी फोन ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला राहवेना. म्हटलं, “उद्या मी नेते तुम्हाला. कसंही करून.”

सकाळची प्रार्थना झाली की दुपारपर्यंत कुणाला लागेल असा शब्द बोलायचा नाही, हा माझा रोजचा नेम. प्रार्थना आटोपून मी गाडीत शिरले आणि सीटखालची चटई उचलली.

वासाचा भपकारा आला. चघळून चिकटवलेलं च्युइंगगम, त्यात गुंतलेले केस. काळी पडून वितळलेली केळ्याची साल. दात कोरून टाकलेल्या काड्या. त्या कुणाच्या, ते मला चांगलंच ठाऊक. आणि कोपऱ्यात आमच्या धाकटीची दुधाची बाटली, झाकण अर्धवट उघडं. आत दूध कसलं, हिरवट पिवळी गाठ होती आणि तिच्यावर बुरशीची लव. गाठ हलली तशी मी दाराबाहेर वाकून ओकले.

ह्या वासाला आमच्या घरात नाव होतं. आजीचा वास. मागे एकदा वळणाच्या रस्त्यावर सासूबाईंना गाडीत उलटी झाली. सीट धुतली, कव्हर बदललं, तरी वास जाईना. मुलं गाडीत चढली की नाक धरायची, आणि त्यांचा बाप बघून न बघितल्यासारखं करायचा. सासूबाई बिचाऱ्या आपले कपडे दोन-दोनदा धुवायच्या.

नाकाला रुमाल बांधून मी रुळातून हात फिरवला. रूळ सरळ होता, कुठे वाकलेला नाही. मागच्या टोकाला मात्र बोटांना काहीतरी रबरी लागलं, ठोकून घट्ट बसवलेलं. पान्यानं उचकटून काढलं. दाराखाली घालायची तपकिरी पाचर. तिला नाडी बांधलेली.

ती नाडी सासूबाईंची. खाली वाकता येत नाही म्हणून काठीनं ओढायला त्यांनीच बांधली होती. पाचर हरवल्यापासून त्यांच्या खोलीचं दार वाऱ्यानं दिवसभर आपटतं. “मीच कुठेतरी ठेवली असेन,” म्हणायच्या.

पाचर काही आपल्या पायानं गाडीत चालत गेली नव्हती.

नवरा स्वयंपाकघरात चहा पीत होता. मी पाचर आणि बाटली त्याच्या कपाशेजारी ठेवली.

“शी. खायच्या टेबलावर काय आणून ठेवलंस हे?”

“ओळखा.”

त्यानं खुर्ची मागे सरकवली. मग त्याला नाडी दिसली.

“गॅरेजवाला कुठला होता?” मी विचारलं.

“अगं, तसं नाही. पुन्हा झाली असती उलटी, तर? पोरं बसायला तयार नाहीत. आता आईला तोंडावर सांगू का, येऊ नकोस म्हणून? मला नाही जमत ते.”

“म्हणून सीटकडून वदवलंत.”

“तिला वाईट वाटू नये म्हणूनच ना.”

“वास ह्या बाटलीचा आहे. आईंचा नव्हे.”

त्यानं बाटलीकडे बघितलं. “मग हे आधी नाही का सांगायचं?” म्हणाला, आणि चहाचा घोट घेतला.

ह्याच तोंडाची लाळ, ओकारी त्या बाईनं वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं पुसली होती. जिभेवर बरंच काही आलं. दुपार व्हायला वेळ होता. मी एवढंच म्हटलं, “बाटली तुम्ही टाका. हातानं उचलून.”

गरम पाणी आणि साबण घेऊन मी रूळ घासला. दांडी उचलली, अंगानं रेटलं. सीट अशी सरकली, की तोल जाऊन मीच तिच्यावर पडले.

पाचर धुऊन सासूबाईंच्या दाराखाली सरकवली. त्या केव्हाच्या तयार होऊन, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या.

“अगं बाई, ही कुठे सापडली?”

“गाडीत.”

त्या नाडीकडे बघत राहिल्या. “आणि सीट?”

“घाण अडकली होती. काढली.”

बाहेर वारा होता, पण दार आपटलं नाही. मग काठी हातात घेत म्हणाल्या, “एखादी प्लास्टिकची पिशवी घेऊ का बरोबर? वळणावर मला मळमळतं गं.”

“दोन घ्या आई. आज मलाही मळमळतंय.”

मी त्यांना हात दिला. गाडीत बसवून त्यांचा पाय सरळ लांब केला, पट्टा लावला. नवरा कचऱ्याच्या डब्याशी बाटली अंगापासून लांब धरून उभा होता. मी दार हलकेच लोटलं आणि गाडी सुरू केली.