सहावा बाण

"श्रीनिवासराव, दाढा शाबूत हायेत ना तुमच्या?" सांडूनं विचारलं.

"आहेत की."

"मग हे काम तुमचंच." त्यानं वाळलेल्या तातेचा तुकडा माझ्या टेबलावर, नव्या पुस्तकांच्या यादीवर ठेवला.

सांडू भिल्ल आमच्या कॉलेजात पहारेकरी होता आणि मी ग्रंथपाल. पोलीस ॲक्शनला बारा-तेरा वर्षं झाली होती. रझाकारांच्या दिवसांत त्याच्या बापानं सोयगावच्या घरी छपरात सहा बाण खोचून ठेवले होते. ते त्यानं मला आणून दाखवले. पिसं कसरीनं खाल्ली होती. नवी बांधा, आपण काचेच्या कपाटात ठेवू, असं मीच म्हणालो होतो.

पिसं घारीची. ती बांधायची बकऱ्याच्या पाठीतल्या शिरेच्या तातेनं. तात आधी दातांनी चावायची. लाळेनं ती मऊ आणि चिकट होते. मग दांडीवर गुंडाळायची. वाळली की आवळून बसते, गाठ मारावी लागत नाही. सांडूला दात उरले नव्हते. चावायचं काम त्याची बायको भागूबाई करी. वाचनालयाच्या ओट्यावर दोघं बसत. तोंडात तात असली की तिला बोलता येत नसे. तेवढ्यात सांडू तिच्या माहेरच्यांना नावं ठेवून घेई. पाच बाण झाले आणि भागूबाई तापानं गेली.

तिचे दिवस उरकून तो आला होता. नोकरी सोडली होती. दुपारच्या एसटीनं सोयगावला, लेकीकडे, कायमचा जायचा होता.

"दोरा नाही का चालणार?" मी विचारलं.

"पाच तिनं केले. सहाव्याला दोरा? नाय." मग हसून म्हणाला, "उमाबाईंना नाय सांगणार मी."

उमा माझी बायको; आमच्या घरात मांस चालत नसे. मीही हसलो. तात घेऊन आतल्या खोलीत गेलो. ओठांपर्यंत नेली, पण वास आला. मग माठातलं पाणी भांड्यात घेऊन ती भिजत घातली, बोटांनी मळली. चावायला अर्धा तास लागतो हे मी पाहिलं होतं. तेवढा वेळ आत काढला.

"घ्या," बाहेर येऊन म्हणालो.

सांडूनं तातेचं एक टोक ओठांत धरलं, दुसरं दांडीवर गुंडाळू लागला. मध्येच थांबला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"तुमच्या माठाचं पाणी लई गार हाय," म्हणाला.

त्यानं ते पीस पहिल्या पाचांइतकंच जपून बांधलं, बाण कपाटात पाचांशेजारी ठेवला आणि एसटी गाठायला निघाला.

चैत्रात सहाव्या बाणाचं पीस सुटलं. मी सोयगावला पत्र टाकलं. लेकीनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं उत्तर आलं: बाबा पौषात गेले.

ते वाचून मी कपाट उघडलं. सुटलेली तात तोंडात घातली. खारट लागली. चावत राहिलो. हळूहळू ती मऊ झाली, बोटांना चिकटू लागली. बांधायचं मला येत नव्हतं. ती बाणाशेजारी ठेवली आणि टेबलाशी येऊन बसलो.

संध्याकाळी कुलूप लावताना पाहिलं, तर ती ताठ वाळली होती. तिच्यावर माझ्या दातांच्या खुणा होत्या.