मागचं टायर

बोरी अरबमध्ये माणूस गेला की लोक आधी खांदा देतात आणि मग कारण शोधतात. धम्मरत्न पुलाजवळच्या वळणावर मोटारसायकलवरून घसरून गेला, तेव्हा कारणासाठी कोणाला लांब जावं लागलं नाही. रस्ता चांगला डांबरी, पाऊस नुसता भुरभुरत होता, टायर आठवड्यापूर्वीच नवं टाकलेलं. मग गडी पडला कसा? "पेला असन," कोणीतरी पानठेल्यावर बोललं, आणि दुपारपर्यंत ते साऱ्या गावाचं मत झालं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, हे गावाला पक्कं ठाऊक असतं.

धम्मरत्न एकेकाळी प्यायचा, हे खरं होतं. पण मुलगी वैष्णवी झाली त्या वर्षी त्याने विहारात भंतेजींसमोर शील घेतलं, आणि नंतर कोणाच्या लग्नात, निवडणुकीत, कितीही ओढाताण झाली तरी ग्लासाला बोट लावलं नाही. पंचशीलातलं पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं शील तो वंदनेत इतक्या मोठ्याने म्हणायचा की पुढे बसलेली पोरं वळून हसायची.

त्याची बायको इंदूबाई आधी गावाशी कडाकडा भांडली. पण रोज तेच कानावर पडलं की मन खचतं. टायर नवं होतं हे तर तिलाही माहीत होतं. हट्ट तिचाच होता. दारव्ह्याच्या बाजाराला जाताना गाडी एकदा मागून सरकली, तेव्हा ती म्हणाली होती, "मांगचं टायर बदला जी, नाई त मी काई बसत नाई तुमच्या मांगं." दुसऱ्याच दिवशी त्याने बदलून आणलं. नव्या रबरावरचे बारीक केस तिला दाखवत म्हणाला, "बस आता निवांत."

अशा टायरवरून शुद्धीतला माणूस घसरेल कसा? हा प्रश्न तिच्या मनात शिरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. रविवारच्या वंदनेत ती चार शीलं म्हणायची. पाचव्याला तिचा आवाज बंद व्हायचा. बायांना वाटायचं, दुःखाने. दुःख होतंच, पण त्याच्या आत नवऱ्यावरचा राग होता आणि त्या रागाची तिला लाज वाटायची.

"आई, विकून टाक ते गाडी. माह्याच्यानं पाह्यल्या जात नाई," वैष्णवी म्हणाली, म्हणून दारव्ह्याहून जुन्या गाड्या घेणारा रामधन आला. इंदूबाईने ताडपत्री ओढून काढली. रामधनने इंजिन ऐकलं, चेन हलवून पाहिली, मग काडीपेटी काढून मागच्या चाकाशी बसला. काडीचं गुलाचं टोक टायरच्या खाचेत घातलं. धम्मरत्नही असंच पाहायचा. गुल बुडालं तर टायरमध्ये जीव आहे, वर राहिलं तर त्याचे दिवस भरले.

इथे गुल पूर्ण बुडालं. रामधन पुढच्या चाकाकडे सरकला. तिथे काडी टेकेचना, निसटून खाली पडली.

"बाई, हे त गोटा झालं हाये."

"नवं हाये ते. त्यायनंच टाकलं होतं."

"नवं मांगचं हाये. हे पाहा, मधातून सपाट घासलं हाये. पुढचं टायर असं घासत नाई, ओझं मांगं असते. हे मांगचंच होतं. पुढचं याच्याहून खराब झालं असन, म्हणून हे पुढं टाकलं. दोन्ही चाकाचं माप एकच, त लोक करते असं. नवं ते मांगं, बसणाऱ्याच्या खाली."

इंदूबाई खाली वाकली. टायरच्या कडेला दगडाने पडलेली चीर होती. मागे बसायला पाय ठेवताना ती चीर तिने कितीदा पाहिली होती.

"याच्यावर ओल्या डांबरात ब्रेक दाबला का कोनीबी पडन," रामधन म्हणाला.

"शुद्धीतला बी?"

"शुद्धीतला बी, बाई."

ती तिथेच मातीत बसली. गावाने खोटं बोलावं, ते समजण्यासारखं होतं. तिने खरं मानलं होतं. त्याने शब्द पाळला होता, दोन्ही पाळले होते. भंतेजींना दिलेलाही आणि तिला दिलेलाही.

"मी मांगचं म्हणलं," ती चाकाकडे पाहत म्हणाली. "मांगचं कायले म्हणलं मी? पुढं तुमीच बसत होते ना जी."

रामधनने पडलेली काडी उचलून पेटीत ठेवली.

"आज राहू द्या भाऊ," इंदूबाई म्हणाली, आणि तो गेला.

रविवारी ती विहारात नेहमीच्या जागी बसली. वंदना सुरू झाली. पाचवं शील आलं, तेव्हा ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पुढची पोरं वळून हसली, धम्मरत्नला हसायची तशीच.