जावेचा कागद

माझ्या जावेला देव भेटला आणि मला नाही भेटला, एवढंच हे प्रकरण आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण अठरा वर्षं पहाटे साडेचारला उठून, तोंडावर पाणी मारून, आसनावर ताठ बसून बघा. आणि मग आठ महिन्यांपूर्वी आलेली, मीच हाताला धरून आणलेली, धाकट्या दिराची बायको आपल्या पुढे निघून गेलेली बघा. तळपायाची आग मस्तकात नाही गेली तर मला येऊन सांगा.

आमच्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर ध्यान शिकवू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. त्यातल्या बाहेरच्या खोलीत आम्ही चौदा जण बसतो. बाई प्रत्येकाच्या कानात एक नाम देतात आणि हातात एक माळ. नाम कुणाला सांगायचं नाही, आणि ध्यानात काय झालं तेही कुणाला सांगायचं नाही. फक्त महिन्यातून एकदा ते कागदावर लिहायचं आणि घडी घालून त्यांच्या दाराशेजारच्या डब्यात टाकायचं. बाई त्याच कागदाखाली दोन ओळींचं उत्तर लिहून परत द्यायच्या.

सहा वर्षांपूर्वी बाईंचे डोळे गेले. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी जाते, कागद वाचून दाखवते आणि त्या सांगतील ते उत्तर खाली लिहिते. चौदा जणांत माझीच निवड झाली, कारण बाईंच्या मते माझ्या पोटात सगळं राहतं. राहायचंच. त्या कागदांत असायचं तरी काय हो? गुडघा दुखतो. झोप येते. डोळे मिटले की साहेबाचा चेहरा दिसतो, काय करू? हे वाचताना मी तोंड गंभीर ठेवायची आणि आतून अगदी निवांत असायची. कुणालाच काही होत नव्हतं. मलाही नव्हतं होत. माझा कागद मी सगळ्यांत शेवटी वाचायची. ‘मन लागत नाही. नाम कोरडं वाटतं.’ बाई म्हणायच्या, "चालू ठेव." अठरा वर्षांत त्यांनी मला यापलीकडे फारसं काही लिहिलं नाही, आणि मीही कधी कुरकुर केली नाही.

पोटासाठी मी दात करते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात. त्यात प्लास्टर ओतायचं, वर मेणाची कड चढवायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. काम बारीक, बोलायची गरज नाही. हातात चिमटा आणि मनात नाम, असा माझा दिवस जातो. जाऊ कपड्यांच्या मोठ्या धुलाईखान्यात आहे. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी इस्त्रीच्या गरम रुळातून काढायच्या आणि घड्या घालायच्या. शिक्षण बेताचं, अक्षर वाकडंतिकडं, आणि हसायला कारण लागत नाही. आम्ही एकाच घरात राहतो, स्वयंपाकघर एक. तिचं डोकं फार दुखायचं म्हणून मीच म्हटलं, चल माझ्याबरोबर, चार घटका शांत बस, बरं वाटेल. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारली ती अशी.

त्या शनिवारी बाईंकडे जाताना मी डबा उघडला आणि जिन्यातच तिचा कागद काढला. आधी वाचायचा नसतो, माहीत आहे. पण काही दिवस ती घरात अशी वावरत होती की मला राहवेना. भांडी घासताना मध्येच थांबायची, नळ चालूच. हाक मारली तर प्रेमानं बघायची. कशाबद्दल एवढं प्रेम, ते कळायला नको?

कागदावर लिहिलं होतं: ‘रुळाशी उभी होते. मनात नाम म्हणत होते. मग म्हणणारी कुठे गेली कळेना. नाम होतं, चादर होती, वाफ होती. मी नव्हते. पण कुणीतरी होतं आणि ते माझंच होतं, सगळ्यांचंच होतं. रडू आलं, दुःखाचं नव्हे. मुकादमबाई ओरडल्या तेव्हा परत आले. आता पहाटे बसले तरी तसं होतं. भीती वाटते. हे चूक आहे का?’

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. आमच्यापैकी कुणी असं कधी लिहिलं नव्हतं. मला लिहायचं होतं ते हे होतं. हे वाक्य मी अठरा वर्षं हुडकत होते, आणि ते सापडलं कुणाला, तर भाजीत मीठ टाकलं की नाही हे जिला आठवत नाही तिला! मला राग आला तो तिचा नव्हे, त्याचा. त्याला पत्ता कळत नाही का? आमचं घर एकच, पहाटे शेजारशेजारच्या खोल्यांत आम्ही दोघी बसलेल्या, आणि हा माझं दार ओलांडून तिच्याकडे जातो!

बाईंसमोर बसले. बारा कागद वाचले. तेरावा म्हणून माझा कागद उघडला, जावेचं नाव घेतलं आणि वाचलं, "मन लागत नाही. नाम कोरडं वाटतं."

बाईंनी मान हलवली. "तिला लिही. चालू ठेव. मन भटकलं की कान धरून परत आण. नाम सुटू देऊ नकोस."

ते उत्तर मी जावेच्या कागदाखाली लिहिलं. काय लिहितेय ते मला पुरतं कळत होतं. तिनं विचारलेलं, हे चूक आहे का, आणि त्याच्या खाली माझ्या चांगल्या अक्षरात, कान धरून परत आण.

मग म्हटलं, "आता माझा." आणि तिचा कागद माझा म्हणून वाचला. फक्त रुळाच्या जागी दातांचं टेबल घातलं, वाफेच्या जागी मेण आणि मुकादमबाईंच्या जागी मालक.

बाई खुर्चीवरून उठल्या, हात पुढे करून चाचपडत खाली बसल्या. मला वाटलं काही पडलं. त्या माझे पाय शोधत होत्या. सापडल्यावर त्यांनी त्यावर डोकं टेकलं.

"अहो बाई, काय हे! उठा!" मी पाय ओढून घेतले.

"अठरा वर्षं," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला वाटायचं, मी मरेपर्यंत एकालाही होणार नाही. आता ऐक. माळ मला परत दे. नामही सोड. म्हणायचं नाही, मोजायचं नाही. पोचलेल्या माणसानं रस्ता उगाळत बसायचा नसतो. नुसती राहा."

पर्समधून माळ काढून मी त्यांच्या हातात ठेवली. जिना उतरताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? घरी गेल्यावर जावेला तिचा कागद दिला आणि ती उत्तर वाचते कशी, ते बघत उभी राहिले. तिचा चेहरा उतरला. "भटकणंच होतं म्हणजे," ती म्हणाली. "मी बाई वेडी, काहीतरी मोठं समजत होते." त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आसनावर बसले आणि करायला काहीच नव्हतं. बोटं आपोआप हलत होती, त्यांत माळ नव्हती. नाम ओठांवर यायचं आणि मी गिळायची, कारण ते आता माझं नव्हतं, मी ते परत केलं होतं. दात बसवताना यायचं, बसची वाट बघताना यायचं. कोरडं कोरडं म्हणत होते ना मी त्याला? आई गेली तेव्हा ते होतं, नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा ते होतं, रोज त्या मेणाच्या वासात दिवसभर माझ्याशी बोलणारं दुसरं होतं तरी कोण! काही झालं नाही, काही दिसलं नाही, पण सोबत होती. ती मी जावेची बरोबरी करायला देऊन बसले. मागायला जायचं तर सगळं सांगावं लागणार.

आणि जाऊ? ती दिवसेंदिवस सुकत चालली. पहाटे तिच्या खोलीतून मोठमोठ्यानं पुटपुटणं ऐकू यायचं. डोकेदुखी परत सुरू झाली. हसणं बंद. दीर म्हणाला, "वहिनी, हिला काय झालंय बघा जरा." मी म्हटलं, "बघते." बघत होतेच. मला तिची दया यायची आणि दयेच्या खाली कुठेतरी बरंही वाटायचं, दोन्ही एकदमच.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारला तीन दिवस होते. सकाळी डबा भरताना ती माझ्याजवळ आली. रुमालात गुंडाळलेली माळ माझ्या हातात ठेवली. "ताई, हे बाईंना द्या. माझ्याच्यानं नाही होत. त्या रागावतील, पण तुम्ही सांभाळून घ्या." मी घेतली. अगं असं काय करतेस, एवढंसुद्धा म्हटलं नाही.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी टेबलाशी एकटीच होते. पर्समधला रुमाल सोडला. नुसती बघावी म्हणून माळ हातात घेतली आणि बोटांनी मणी ओढायला सुरुवात केली. नाम आलं. माझं नाम, तिच्या माळेवर. किती बरं वाटलं म्हणून सांगू! आणि मग लख्खकन कळलं की ही माळसुद्धा मी ठेवून घेणार आहे. बाईंना सांगणार, ती सोडून गेली, आणि माळ कपाटात लपवून पहाटे वापरणार. इतकं सगळं माझ्या मनात तयार होतं. माझी मलाच किळस आली. मालकाला सांगितलं, पोटात दुखतंय, जाते. ते खोटं नव्हतं.

बाईंना मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कागद कसा बदलला, काय वाचलं, काय लिहिलं. मला वाटलं त्या म्हणतील, तुला काय कमी होतं. त्या माझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

"तिच्या कागदाखाली काय लिहिलंस? नेमकं सांग."

"मन भटकलं की कान धरून परत आण."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आणि ती आज्ञा पाळणारी आहे," त्या म्हणाल्या. "ती त्याला अडवत असेल. आत्ता जा. शनिवारची वाट बघू नकोस." त्या भिंतीला धरत कपाटाकडे गेल्या, आतून माझी माळ काढली आणि पुढे केली. "ही घे आणि जा."

हात पुढे करायचं माझ्यानं झालं नाही. "आधी तिला सांगून येते," मी म्हटलं आणि जिना उतरले.

धुलाईखान्यात मी कधी गेले नव्हते. आत इतका आवाज की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येऊ नये. ती शेवटच्या टेबलाशी चादरीची दोन टोकं धरून उभी होती. दुसरी दोन धरणारी बाई पाणी प्यायला गेली होती. मी ती उचलली.

"ताई? तुम्ही? घरी सगळं बरंय ना?"

"बरंय. तुझा कागद मी माझा म्हणून वाचला."

"काय?"

ऐकू गेलं नव्हतं. मला ते ओरडून सांगावं लागलं. चोरीची गोष्ट ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. एकेक वाक्य ओरडत, घडी घालत, मी तिच्यापर्यंत पोचले. तोवर आमच्यात चादरीची चौथी घडी उरली होती.

"म्हणजे ते उत्तर माझं नव्हतं?"

"माझं होतं."

"मग ते भटकणं नव्हतं?"

"नाही गं. ज्याच्यासाठी आम्ही सगळे बसतो ते होतं."

तिनं चादर सोडली आणि कपड्यांच्या ढिगावर बसली. "मी त्याला हाकललं, ताई," ती म्हणाली. "जीभ चावायचे. मांडीला चिमटे काढायचे. तरी यायचं. रोज यायचं, आणि मी रोज हाकलायचे. परवापासून येत नाही."

मी काय बोलायला हवं होतं? तिचे पाय धरायला हवे होते. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"रोज यायचं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. आपली थोरली जाऊ काय चीज आहे, हे तिला बहुतेक तेव्हाच कळलं. तिनं हातांनी डोळे पुसले.

"रोज," ती म्हणाली. "तुम्हाला इतकं हवं होतं तर मला सांगायचंत ना, ताई. मी त्याला म्हटलं असतं, आधी ताईंकडे जा. त्या माझ्यापेक्षा किती वर्षं आधीपासून बसतायत."

आणि ती खरंच म्हणाली असती.