एदेल्मिराच्या किल्लीचे तीन तुकडे

होडी वळणावर आली आणि एदेल्मिराने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. काठावर चार माणसं उभी होती, खांद्याला बंदुका. एकाने हात वर केला. होडीवाल्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं.

आम्ही दोघी शहरात जमीन कचेरीत निघालो होतो. सात वर्षांपूर्वी याच टोळीने आमची वस्ती जाळली. एदेल्मिराचा नवरा गेला, केळीची बाग गेली, घराबरोबर सगळे कागद गेले. पुढे टोळीवर खटला उभा राहिला तेव्हा तिने पडद्याआडून, दुसऱ्या नावाने साक्ष दिली. हे तिघांनाच ठाऊक होतं. तिची बोगोतातली बहीण मारित्सा, शाळेतले एलिसेओ गुरुजी, आणि मी.

गेल्या वर्षी बायकांच्या संघटनेने आम्हाला फोनमध्ये एक कप्पा करून दिला. जन्माचा दाखला, जमिनीचा दाखला, जे असेल ते आपल्या फोनात, कुलपाआड. तो दाखला खरा आहे याची खूण तेवढी ब्लॉकचेनवर, म्हणजे एकदम हजार ठिकाणी लिहिल्या जाणाऱ्या वहीत. ती वही कुणाला जाळता येत नाही. कुणाला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. शिकवायला आलेली मुलगी म्हणाली होती, "आता तुमची ओळख तुमच्या हातात." आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

एदेल्मिराच्या कप्प्यात साक्षीदार असल्याचा दाखलाही होता. जमीन परत मागायला तो आणि जमिनीचा, असे दोन दाखले लागणार होते. तिच्या साध्या ओळखपत्रावर त्यातलं अक्षर नव्हतं. फोनात मात्र सगळं होतं.

"फोन काढा सगळ्यांनी. उघडून धरा," लाल टोपीवाला होडीत उतरत म्हणाला.

"दिओसे, पुसून टाकू?" ती ओठ न हलवता म्हणाली.

कप्पा पुसता येतो. परत आणायचा तर त्याची किल्ली लागते, आणि त्या किल्लीचे तीन तुकडे आम्हा तिघांकडे होते. कुठलेही दोन जुळले की झालं.

"पूस," मी म्हटलं. "मी आहे ना. मारित्सा आहे."

तिचा अंगठा शालीखाली हलला. तोवर तो समोर आलाच. त्याने तिचा फोन घेतला, बराच वेळ चाळला.

"नुसत्या कोंबड्या? माणसांचे फोटो नाहीत का गं?"

एदेल्मिराने शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"माणसांपेक्षा कोंबड्यांवर जीव आहे तिचा, साहेब," मी मध्येच बोलले. "त्या अंडी तरी देतात."

तो हसला. फोन तिच्या मांडीवर टाकला आणि माझ्यापुढे हात पसरला.

तेव्हा मला माझ्या फोनातलं आठवलं. माझ्या कप्प्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'आपण एदेल्मिरा मोस्केरा यांच्या किल्लीचा एक भाग सांभाळत आहात.' कसली किल्ली, हे त्याने विचारलं असतं. आणि विचारायची त्यांची पद्धत आम्हाला माहीत होती.

मी फोन पुढे केला आणि बोटं सैल सोडली. फोन होडीच्या कडेवर आपटून पाण्यात गेला.

"मुद्दाम टाकलास!"

"हात ओले आहेत हो, साहेब..."

बंदुकीचा दस्ता जबड्यावर बसला. तोंडात रक्ताची चव आली. मग त्याने माझे केस धरून तोंड पाण्याजवळ नेलं. "जा मग, शोध." मागून एदेल्मिराचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. काठावरून कुणीतरी ओरडलं, "सोड रे म्हातारीला, थरथरतेय बघ कशी!"

जाताना लाल टोपीवाल्याने होडीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचे ते गुरुजी हल्ली कुठे असतात?"

"ठाऊक नाही, साहेब."

शहरात पोचेपर्यंत आम्ही एकमेकींकडे पाहिलंही नाही. माझा तुकडा नदीत गेला होता. आता मारित्सा आणि गुरुजी, दोघांचेही हवे होते. कचेरीत दाखले द्यायची वेळ दुसऱ्या दिवशी दहाची होती.

मारित्साने लगेच फोन उचलला, तिचा तुकडा आला. गुरुजींचा फोन बंद. तासाभराने बंद. संध्याकाळी बंद.

"त्यांना धरलं असेल," एदेल्मिरा म्हणाली. "माझ्यामुळे."

"गप्प बस गं." पण माझ्याही मनात तेच होतं. आणि त्याहून वाईटही होतं: धरलं असेल तर त्यांनी बोलू नये. हा विचार आला आणि मला माझीच किळस आली.

सकाळी साडेआठला एदेल्मिराचा फोन वाजला. गुरुजी कुजबुजत होते. "आलाय का तुकडा? पाहा लवकर."

"आला, गुरुजी. तुम्ही कुठे आहात?"

"ते विचारू नका. परवा शाळेत आले होते ते लोक. मी मागच्या दाराने निघालो. आता हा फोन फोडतोय. पुन्हा लावू नका, पोरींनो."

कप्पा उघडला. दाखले जसेच्या तसे होते.

कचेरीत खिडकीमागचा कारकून म्हणाला, "फोन द्या इकडे, मी बघतो काय लागतं ते."

"नाही," एदेल्मिरा म्हणाली. तिने फोन सोडला नाही. "तुम्हाला दोनच दाखले लागतात. तेवढेच दाखवीन."

"बाई, मी काय चोर आहे?"

"नसाल. पण दोनच."

मागच्या रांगेतले लोक कुरकुरले. कारकुनाने खांदे उडवले आणि दोन दाखले तपासून घेतले.

पाच महिन्यांनी बाग तिच्या नावावर झाली. ती दिवसा तिकडे जाते, केळीची रोपं लावते आणि उजेड असतानाच परत येते. घर अजून बांधलेलं नाही. गुरुजी जिवंत आहेत, एवढाच निरोप मारित्साकडे आला. शाळेत नवीन बाई आल्या आहेत.

गेल्या महिन्यात एदेल्मिरा माझ्याकडे आली. किल्लीचे नवे तुकडे करायचे होते. मारित्सा होतीच, संघटनेतली एक जण तयार झाली होती, तिसरं माणूस हवं होतं.

"तुला नको असेल तर तसं सांग, दिओसे. मी रागावणार नाही."

मी नवा फोन शालीआड धरून बसले होते. हो म्हणायला मला चार दिवस लागले.